वारशानें आलेलें जुनें पिस्तूल आणि त्याची खरी किंमत

(लेखक : महसूल खात्यांतील एक सेवानिवृत्त अव्वल कारकून)

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, विहिरी व पतपेढ्या यांविषयीं दरमहा उपयुक्त मजकूर येत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं शेतकीचा वाटणार नाहीं. परंतु तो शेतकऱ्याच्या घरचा आहे यांत संशय नाहीं. वारसनोंदीचे व वाटणीचे जे अर्ज आमच्या टेबलावरून वर्षानुवर्षें गेले, त्यांत विहिरीच्या पाळीनें व बांधावरच्या आंब्यानें घातलेला घोळ आम्हीं पुष्कळ पाहिला. त्यांच्या खालोखाल घोळ घालणारी वस्तु कोणती म्हणून कोणी विचारील, तर वडिलांच्या मागें पेटींत राहिलेलें जुनें, मुळांत हलक्या किंमतीचें रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल, असेंच उत्तर आम्ही देऊं.

बंदुकीची गोष्ट निराळी. पिकाच्या रक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची तरतूद सन १९५९ च्या शस्त्र कायद्यांत स्पष्ट आहे. ती बंदूक कशाकरितां आहे व तिची किंमत काय, हें गांवांत सर्वांस ठाऊक असतें. रिव्हॉल्व्हर मात्र पीकरक्षणाच्या सदरांत बसत नाहीं. तें कोणा पाटलानें, इनामदारानें, जंगलच्या ठेकेदारानें किंवा सावकारानें स्वसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेलें असतें. तें फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें असतें, दसऱ्यास त्याला झेंडूचें फूल वाहिलें जातें, आणि घरांतील बायकामुलांनीं तें धड पाहिलेलेंहि नसतें. अशी वस्तु वडिलांच्या पश्चात् बाहेर निघाली म्हणजे तिच्याभोंवतीं कथा जमूं लागतात. कोणी म्हणतो ती विलायती आहे, कोणी म्हणतो असला माल आतां मिळत नाहीं, कोणास अमक्या शहरीं अशाच एका नगाचे पांच लाख आल्याचें पक्कें ठाऊक असतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या कथांवरून वाटणीचा कागद करूं नये. त्या वस्तूची किंमत तिच्या अंगावरील शिक्के व तिच्या परवान्याचा कागद यांवरून ठरते. तीं दोन्हीं पाहिल्यावांचून तिच्या बदल्यांत एक गुंठाहि कोणी सोडूं नये.

आमच्या तालुक्यांतील एका घरची हकीकत सांगतों. दोघे बंधु, वडील निवर्तले तेव्हां बागाइती सव्वातीन एकर, दोन विहिरी आणि एक रिव्हॉल्व्हर अशी मिळकत. धाकट्यास त्या शस्त्राची हौस होती. गांवच्या जाणत्या मंडळींनीं त्याची किंमत तीन लाख धरली, आणि त्या हिशेबानें धाकट्यानें विहिरीजवळचे बारा गुंठे थोरल्यास सोडले. सर्व रीतसर कागदावर आलें, फेरफार मंजूर झाला, सातबारे वेगळे झाले. मग धाकटा परवान्याकरितां जिल्ह्याच्या ठिकाणीं गेला. वडिलांचा परवाना फार जुन्या काळचा. त्यावर नुसतें 'रिव्हॉल्व्हर नग एक' एवढेंच लिहिलेलें. शस्त्रावरचा आंकडा तेथें प्रथमच कोणीं तरी वाचला, आणि तें ब्रिटिश सैन्याच्या .३८० काडतुसाचें आहे असें निघालें. .३८० अथवा .४५५ चें कांठाचें काडतूस ज्यांत बसतें व उडतें तें रिव्हॉल्व्हर आपल्या नियमांप्रमाणें निषिद्ध बोअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांत पडतें. त्याचा परवाना देणें जिल्हाधिकाऱ्यांच्या हातीं नसून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातीं आहे. मग दिल्लीचा पत्रव्यवहार सुरू झाला. शस्त्र ठाण्याच्या मुद्देमालखोलींत जाऊन बसलें. आणि दुकानदारांनीं माना हालविल्या, कारण घेणाऱ्यापाशींहि तसलाच परवाना पाहिजे. बारा गुंठे मात्र गेले. थोरल्यानें पुढें त्यांतले सहा आपण होऊन परत दिले ही त्याची थोरवी. पण प्रत्येक घरीं असा बंधु असेल या भरंवशावर कागद करतां येत नाहीं.

यावरून पहिली पाहण्याची गोष्ट कोणती तें उघड आहे. आकार, चकाकी व मुठीचा हस्तिदंती रंग हें सर्व मागाहून. अगोदर नळीवर किंवा चौकटीवर कोरलेला बोअरचा आंकडा. .३२ असेल तर तें साधारण परवान्याच्या वर्गांत येतें व जिल्ह्याच्या ठिकाणीं त्याचा विचार होतो. .३८० व .४५५ यांचें वर सांगितलेंच; सैनिकी ९ मिलिमीटरचें व .४५ चें काडतूस घेणारें पिस्तूलहि त्याच पंक्तीचें. पहिल्या महायुद्धांतील वेब्ली मार्क सहा (सन १९१५) .४५५ चें, आणि सन १९३२ पासून ब्रिटिश सैन्यांत आलेलें एन्फील्ड .३८० चें. दोन्हीं बळकट, पाहतांक्षणीं भारदस्त, आणि म्हणूनच गांवांत त्यांची किंमत सर्वांत अधिक धरली जाते. सामान्य वारसाच्या हातीं तींच सर्वांत अडचणीचीं ठरतात.

हें वाचन कोणीं करावें? आमचा आग्रह असा कीं, तें ठाण्यांत अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानींच व्हावें. परवानाधारक निवर्तला कीं त्याचा परवाना वारसास आपोआप लागू होत नाहीं. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणें, ज्याच्याजवळ शस्त्र ठेवणें अशा रीतीनें बेकायदा झालें असेल त्यानें तें विनाकारण विलंब न लावतां नजीकच्या ठाण्यांत किंवा ठराविक अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचें असतें. तेराव्याच्या गडबडींत पेटी तशीच राहते, मग पेरणी येते, मग सुगी. वर्ष केव्हां लोटलें कळत नाहीं. बिनपरवाना साधें रिव्हॉल्व्हर बाळगल्यास सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पांच वर्षांची शिक्षा आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलें होतें, हा कांहीं त्यावर बचाव नव्हे.

पेटींतून निघालेलें शस्त्र भरलेलें आहे असें धरूनच त्यास हात लावावा. खरें म्हणजे घरच्यांनीं तें फडक्यांतून काढूंच नये, ठाण्याच्या अंमलदारास अगोदर कळवून त्याच्या सांगण्याप्रमाणें न्यावें. चाप ओढून पाहूं नये. आणि बसतें म्हणून कोठलेंहि काडतूस त्यांत घालून पाहण्याचा शहाणपणा तर मुळींच करूं नये. .३२ या एकाच आंकड्याचीं काडतुसें निरनिराळ्या जातींचीं असतात. रिव्हॉल्व्हरचीं आंखूड व लांब, आणि स्वयंचलित पिस्तुलाचीं त्याहून वेगळीं.

आतां आम्ही ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक भर देतों ती म्हणजे जमा केल्याची पावती. आमच्या खात्यांत म्हणत असत कीं, जमिनीचें भांडण बांधावर नसतें, चतुःसीमा लिहिणाऱ्याच्या लेखणींत असतें. तसेंच येथेंहि आहे. 'एक जुनें रिव्हॉल्व्हर' एवढ्यावर पावती घेऊं नये. बोअर, नळीची लांबी, चक्रांतील घरांची संख्या, नंबर, कारखान्याचें नांव, दुकानदाराचें नांव आणि जे कांहीं लहान शिक्के दिसतील ते सर्व, आकृतीसह, पावतींत किंवा तिला जोडलेल्या पंचनाम्यांत लिहवून घ्यावे. अंमलदार कुरकुरेल, त्यास चहा पाजावा, पण लिहवून घ्यावें. पुढें वस्तु कोणती होती या प्रश्नास दुसरें उत्तर राहत नाहीं. आणि हा लेखी तपशील हातीं आला कीं निम्मी ओळख पटलीच.

यांत लोकांची पहिली फसगत नांवाविषयीं होते. नळीवर किंवा वरच्या पट्टीवर ठळक अक्षरांत जें नांव असतें तें पुष्कळदां कारखान्याचें नसून विकणाऱ्या दुकानाचें असतें. कलकत्त्याचे मँटन किंवा रॉडा यांच्यासारखे व्यापारी परदेशचा माल आणून त्यावर आपलें नांव घालीत. घरचे लोक तें इंग्रजी नांव वाचून विलायती म्हणतात. खरें गोत्र चांचणीच्या बारीक शिक्क्यांत असतें. युरोपांत नळी विकण्यापूर्वीं जादा दारूचा बार करून ती फुटते कीं टिकते तें पाहण्याची व तसा शिक्का मारण्याची रीत जुनी आहे. बर्मिंगहॅमचें चांचणीगृह सन १८१३ मध्यें स्थापन झालें. तेथल्या विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वींच्या व नंतरच्या शिक्क्यांत फरक आहे, पण मुकुट व त्याखालीं अक्षरें ही ढब ओळखूं येते, 'एन्. पी.' हीं अक्षरें असलीं तर बिनधुराच्या दारूची चांचणी झालेली आहे. बेल्जममधील लिएझ शहरचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळांत ई. एल्. जी. हीं तीन अक्षरें; त्यावर मुकुट असेल तर माल सन १८९३ नंतरचा. इंग्लंडांत चांचणी झालेल्या परदेशी मालावर सन १९२५ च्या नियमांनंतर 'नॉट इंग्लिश मेक' असे शब्द मारीत. त्या शब्दांतला 'इंग्लिश' एवढाच शब्द वाचून वस्तु इंग्रजी ठरविणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत.

लिएझचा माल सरसकट वाईट असें मात्र कोणी समजूं नये. त्या शहरांत उत्तम कारागीरहि होते. परंतु वेब्लीनें सन १८७२ च्या सुमारास काढलेल्या आंखूड, जाड 'बुलडॉग' रिव्हॉल्व्हरच्या ज्या असंख्य नकला तेथें झाल्या, त्या स्वस्त विक्रीकरितांच झाल्या, आणि वारशांत सांपडतात त्या बहुधा त्याच. स्पेनमधील एइबार गांवचीहि हीच कथा. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच सैन्यानें तेथें रूबी नांवाच्या ७.६५ मिलिमीटरच्या, म्हणजेच .३२ च्या पिस्तुलांची मागणी केली. मागणी एवढी मोठी कीं पुष्कळ लहान कारखाने त्यांत उतरले. एकाच्या पिस्तुलाची काडतुसांची पेटी दुसऱ्याच्या पिस्तुलांत बसेलच असें नाहीं, एवढी त्या मालांत विषमता. युद्ध संपल्यावर तो माल जगभर पसरला. तेव्हां मुठीवर ऐटबाज नांव आणि कडेस एइबार हा शब्द दिसला तर घरच्यांनीं आपल्या अपेक्षा बऱ्याच खालीं आणाव्या. वायव्येकडील दर्रा आदमखेल येथें हातानें केलेल्या नकला तर याहून निराळ्या. त्यांवर इंग्रजी शिक्क्यांचीहि नक्कल असते, पण कारागिरास इंग्रजी येत नसल्यामुळें एन् अक्षर उलटें पडतें, शब्दांतील अक्षरें गळतात. तसल्या नगाची पोलादाची खात्री कोणीहि देऊं शकत नाहीं.

आमच्या वडिलांनीं मागें ठेवलेलें रिव्हॉल्व्हर अमेरिकन होतें. कमरेंतून मोडून उघडणारें, पांच घरांचें, .३२ चें, निकेलचा मुलामा जागजागीं उडालेला, आणि मुठीच्या काळ्या पट्टीवर दोन्ही बाजूंस घुबडाचें मस्तक. हें घुबड म्हणजे आमच्या मातोश्रींचें वैर. तसलें अशुभ चित्र देवघराच्या भिंतीआड नको म्हणून तिनें तें धान्याच्या कणगीमागें ठेवविलें होतें. आणि आमच्या थोरल्या भगिनीस वाटे कीं एखाद्या संस्थानिकाची ती राजमुद्रा असावी. वास्तविक तें आयव्हर जॉन्सन या कारखान्याचें व्यापारी चिन्ह आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत फिचबर्ग येथें तो कारखाना होता, आणि नळीवर त्याचें जें पूर्ण नांव आहे त्यांत शस्त्रांबरोबर सायकलींचाहि उल्लेख आहे, कारण तो सायकलीहि करी. याच कारखान्याचें .३२ चें रिव्हॉल्व्हर साडेचार डॉलरांस विकत घेऊन एका माथेफिरूनें सन १९०१ च्या सप्टेंबरांत बफेलो येथें अध्यक्ष मॅकिन्ले यांजवर गोळ्या झाडल्या. इतिहासांत एवढी मोठी गोष्ट करणारी वस्तु केवढ्याची होती, हें त्या साडेचार डॉलरांवरून कळतें. अमेरिकेंत आजहि अशा साधारण नगास शंभर-दोनशे डॉलरांच्या आसपासच किंमत येते, कारण ते लक्षावधि झाले.

स्वस्त म्हणून तें गबाळें नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. घोडा आणि काडतूस फोडणारा खिळा यांच्या मध्यें एक लहान पट्टी असे; चाप पुरा ओढल्याशिवाय ती वर येत नसे, त्यामुळें शस्त्र खालीं पडलें किंवा घोड्यावर आघात झाला तरी बार उडत नसे. कारखान्याच्या जाहिरातींत घोड्यावर हातोडी मारून पाहा असेंच आवाहन असे. परंतु सन १९०९ पूर्वींचे नग काळ्या दारूकरितां केलेले आहेत. विक्रेत्यानें मुठीची पट्टी काढून आंत पाहिलें तेव्हां मुख्य स्प्रिंग वेटोळ्याची नसून चपटी निघाली. म्हणजे नग जुन्या पद्धतीचा. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा जोर त्या पोलादावर टाकणें धोक्याचें, तेव्हां वापरण्यासाठीं विकणार नाहीं, असें त्या सज्जन गृहस्थानें सरळ सांगितलें. आम्ही व दोघी भगिनींनीं मिळून वाटणींत त्याची किंमत शून्य धरली. परवाना मागितला नाहीं. लेखी अर्ज करून तें सरकारजमा केलें व पावती घेतली. थोरल्या भगिनीस हें फारसें रुचलें नाहीं. त्या घुबडाचें छायाचित्र मात्र तिनें काढून घेतलें आहे.

कोणी म्हणेल, शून्य कसें? बाजारांत तर जुन्या परदेशी शस्त्रांस लाखांनीं किंमत येते. ती येते हें खरें, आणि तिचें कारणहि समजून घ्यावें. सन १९८० नंतरच्या दशकांत खाजगी वापराच्या परदेशी शस्त्रांची आयात सरकारनें जवळजवळ बंद केली. तेव्हांपासून देशांत जीं परवान्यावरचीं चांगलीं परदेशी शस्त्रें आहेत तींच या हातून त्या हातीं जातात, आणि टंचाईची किंमत त्यांस येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें सन २०१४ मध्यें 'निर्भीक' नांवाचें हलकें .३२ रिव्हॉल्व्हर काढलें, त्याची किंमतच सव्वा लाखाच्या घरांत होती. मग जुन्या, चांगल्या स्थितींतील .३२ च्या वेब्लीस अथवा स्मिथ अँड वेसनला गिऱ्हाईक दुप्पट-चौपट देईल यांत नवल नाहीं. पण ही किंमत चांगल्या कारखान्याच्या, चालू स्थितींतल्या, साधारण बोअरच्या व निर्दोष कागदपत्रांच्या शस्त्राची आहे. दुष्काळांत कडब्याची पेंढी महाग झाली म्हणजे कुजलेली पेंढीहि त्याच भावानें जाते असें होत नाहीं. लिएझचा बुलडॉग, एइबारचें पिस्तूल किंवा आमचें घुबड यांस टंचाईचा हा भाव लावणें चूक आहे.

शिवाय जमिनीला जसा सरकारी वार्षिक दरतक्ता असतो तसा शस्त्रांना नाहीं. एका विक्रेत्यानें तोंडी सांगितलेला आंकडा म्हणजे किंमत नव्हे. दोघां-तिघां परवानाधारक विक्रेत्यांकडून, घेण्यास तयार असल्यास काय द्याल, असें लेखी विचारावें. 'याची किंमत काय' आणि 'तुम्ही घेतां काय' या दोन प्रश्नांच्या उत्तरांत किती अंतर पडतें, तें ज्यानें कधीं म्हातारा बैल बाजारांत नेला आहे त्यास निराळें सांगावयास नको.

आणखी एक भ्रम इतिहासाचा. अमुक पिस्तूल साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढ्यांत होतें, तमुक क्रांतिकारकानें तें आजोबांपाशीं ठेवलें होतें, असें सांगणारीं घरें पुष्कळ आहेत. कांहींचें खरेंहि असेल. पण इतिहासाची किंमत कागदावांचून येत नाहीं. सरदार भगतसिंग यांनीं १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोर येथें सॉण्डर्सवर चालविलेलें पिस्तूल अनेक वर्षें इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयांत इतर शस्त्रांबरोबर पडून होतें. पंजाबांतील फिल्लौरहून तें तेथें आलें होतें, आणि गंज लागूं नये म्हणून त्यावर काळा रंग चढविलेला होता. सन २०१६-१७ च्या सुमारास तो रंग खरवडला तेव्हां खालचा नंबर दिसला, आणि तो खटल्याच्या कागदांतील १६८८९६ या नंबराशीं जुळला. तें .३२ चें कोल्ट. तसलीं कारखान्यानें लक्षावधि केलीं. त्याच्या जोडीचें कोठलेंहि पिस्तूल शेजारीं ठेवलें तर डोळ्यांस फरक दिसणार नाहीं. सहा आंकडे आणि न्यायालयाचें दप्तर यांनीं तें देशाचा ठेवा झालें. ज्या घरीं अशी परंपरा सांगतात त्यांनीं नंबर आणि जुना परवाना, पत्रें, जप्तीचे कागद हें सर्व एका ठिकाणीं करून इतिहास संशोधन करणाऱ्या संस्थेस दाखवावें. तोंपर्यंत वाटणींत त्या कथेचे पैसे धरूं नयेत.

पुष्कळजण विकण्यापूर्वीं शस्त्र उजळवितात, तें तर अगदींच करूं नये. चिंच, राख, सँडपेपर यांनीं घांसलें कीं शिक्के पुसट होतात, आणि नंबर पुसलेला दिसला तर किंमत राहो, गुन्हा अंगावर येतो. नवा निकेलचा मुलामा देणेंहि तसेंच. जुन्या वस्तूचा जाणता गिऱ्हाईक मूळ मुलाम्याचे, मग तो अर्धा उडालेला का असेना, अधिक देतो. कातडी म्यानांत वर्षानुवर्षें ठेवल्यानें कातडें ओल धरतें व गंज चढतो, एवढें हयात असलेल्या परवानाधारकांनीं ध्यानांत ठेवावें.

हयात असलेल्यांस आणखीहि एक सांगणें आहे. सन २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवानाधारकाचें वय सत्तर झालें, अथवा शस्त्र त्याजकडे पंचवीस वर्षें राहिलें, तर त्यानें नेमलेल्या वारसाचे नांवें परवाना देण्याचा विचार त्याच्या हयातींतच होऊं शकतो. वारस अर्थात् पात्र असला पाहिजे. तेव्हां म्हाताऱ्या माणसांनीं हा प्रश्न मुलांवर सोडून जाऊं नये. मुलांपैकीं कोणासहि तें नको असेल तर स्वतःच विकून किंवा जमा करून मोकळें व्हावें. कांहीं वडीलधारे म्हणतात, एवढी यातायात कशाला, विहिरींत टाकून द्यावें. त्यांस आम्ही विचारतों कीं, पुढच्या दुष्काळाच्या सालीं विहिरीचा गाळ काढावयास कोणते मजूर लावणार, आणि ते सांपडलेली वस्तु कोणास दाखविणार? परवान्यावर नोंद आहे, शस्त्र नाहीं, आणि जमा केल्याची पावतीहि नाहीं, ही स्थिति वारसांस फार जड जाते. मोडकें आहे म्हणून कायदा लागू नाहीं असेंहि परस्पर ठरवूं नये. दुरुस्त करूनहि उडूं न शकणाऱ्या, जुनाट पद्धतीच्या शस्त्रांस कायद्यांत सूट आहे. परंतु आपलें शस्त्र त्यांत बसतें कीं नाहीं हें अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावयाचें असतें. घरीं कानसीनें खिळा घांसून तें 'निकामी' करणाऱ्यास त्या सुटीचा लाभ मिळेल असें समजण्यास आधार नाहीं.

शेवटीं वाटणीच्या कागदाविषयीं. ज्या घरीं असें शस्त्र आहे त्यांनीं कागदांत त्याच्यापुढें रुपयांचा आंकडा घालूंच नये, आणि जमिनीचा कोठलाहि भाग त्याच्या मोबदल्यांत दाखवूं नये. शस्त्राचें पूर्ण वर्णन पावतीवरून उतरून घ्यावें. तें कोठें व कोणत्या पावतीनें जमा आहे तें लिहावें. परवाना कोणा वारसाचे नांवें मागावयाचा यास इतरांची संमति लिहावी. परवाना मिळून त्या वेळीं लेखी भाव आल्यास त्यानें इतरांस किती द्यावयाचें, आणि विक्री झाल्यास आलेली रक्कम दुकानदाराचें साठवणुकीचें भाडें वजा जातां कोणत्या हिश्श्यानें वांटावयाची, तें स्पष्ट करावें. ज्या वारसाकडे आधींच दोन शस्त्रें आहेत त्याचें नांव घालून उपयोग नाहीं, कारण सन २०१९ पासून एका इसमास दोनांहून अधिक शस्त्रें ठेवतां येत नाहींत, आणि वारशाच्या शस्त्रासहि ही मर्यादा लागू आहे. परवाना मिळाल्यावर पुढें कोणास विकावयाचें झाल्यास अगोदर लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें, तीहि मुदत हिशेबांत धरावी. आणि जमा केलेलें शस्त्र ठराविक मुदतींत परवाना घेऊन सोडविलें नाहीं किंवा विकलें नाहीं तर तें सरकारजमा होऊं शकतें, म्हणून जमा केल्याची तारीख कागदाच्या पहिल्याच ओळींत घालावी. असा मसुदा ज्या सभासदांस हवा असेल त्यांनीं पावतीची नक्कल घेऊन मंडळाच्या कचेरींत यावें. गुरुवारीं दुपारीं आम्ही तेथें असतों.